पेशीकेंद्रकाची वीण आणि तिचे आजार

कोपर पूर्ण सरळ होत नाही म्हणून एक मुलगा अस्थिरोगतज्ज्ञाकडे येतो. वयात येताना हातापायांवरची चरबी झडलेली आणि पुढे मधुमेह जडलेली स्त्री मधुमेहतज्ज्ञाकडे जाते. नाडी मंदावून चक्कर येणारा तिशीतला माणूस हृदयरोग विभागात दाखल होतो. दुखणी वेगळी, डॉक्टर वेगळे. पण तिन्ही आजारांचे मूळ एलएमएनए या एकाच जनुकात असू शकते. पेशीकेंद्रकाला आकार देणाऱ्या प्रथिनांच्या आनुवंशिक विकारांचा अभ्यास या कोड्यापासून सुरू होतो.

केंद्रकाभोवती दुहेरी पटल असते आणि आतल्या पटलाला लागून लॅमिन प्रथिनांच्या तंतूंचे जाळे. बाजेच्या विणीसारखे ते पडणारा ताण सगळीकडे वाटून घेते. गुणसूत्रांचे काही भाग याच जाळ्याला टेकलेले असतात आणि तिथली जनुके बहुधा निष्क्रिय राहतात. एलएमएनए जनुकापासून लॅमिन ए आणि लॅमिन सी ही प्रथिने बनतात. बी प्रकारच्या लॅमिनांची जनुके निराळी. त्यांपैकी लॅमिन बी१ चे जनुक दुप्पट झाले, तर प्रौढ वयात मेंदूतील श्वेतद्रव्याचा ऱ्हास होतो.

१९६६ मध्ये अ‍ॅलन एमरी आणि फ्रिट्झ ड्रायफस यांनी अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या एका कुटुंबातील स्नायुविकाराचे वर्णन केले. सांधे लवकर आखडत, स्नायू हळूहळू दुबळे होत आणि हृदयातील विद्युतवहन बिघडे. १९९४ मध्ये डॅनिएला टोनिओलो यांच्या गटाला एक्स गुणसूत्रावरचे दोषी जनुक सापडले. त्यापासून बनणारे एमेरिन हे प्रथिन केंद्रकाच्या आतल्या पटलात असते, हे पुढे दिसून आले. याच आजाराचा दुसरा आनुवंशिक प्रकार एलएमएनए मधल्या दोषामुळे होतो, हे १९९९ मध्ये जिझेल बॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हृदयस्नायूचा विकार, चरबी झडण्याचा विकार आणि चेतातंतूंचा एक विकार याच जनुकाशी जोडले गेले.

२००३ मध्ये प्रोजेरियाचे, म्हणजे लहानपणीच अकाली वार्धक्य आणणाऱ्या आजाराचे, कारण उलगडले. ‘पा’ या चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचे आहे. बहुतेक रुग्णांत एलएमएनए मधले एकच अक्षर बदललेले असते. त्याने अमिनो आम्ल बदलत नाही, पण जनुकाचा संदेश चुकीच्या जागी कापला जातो आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्ले गळतात. हे अपुरे प्रथिन, प्रोजेरिन, पटलाला चिकटून राहते आणि केंद्रकाचा आकार बिघडवते. हा बदल बहुधा मुलातच नव्याने घडलेला असतो; आईवडिलांत तो नसतो, हे त्यांना आवर्जून सांगायला हवे. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लोनाफार्निब हे औषध आयुष्य वाढवते, आजार बरा करत नाही.

जवळपास सगळ्या ऊतींत असणाऱ्या प्रथिनाचा दोष एखाद्याच ऊतीला का भोवतो? ताण सोसणाऱ्या पेशी आधी खचतात, हे एक उत्तर. जनुकांचे नियमन बिघडते, हे दुसरे. दोन्हींना पुरावे आहेत, पण एकट्याने कोणतेच पुरे पडत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत वीणा परनाईक यांच्या प्रयोगशाळेने लॅमिनांवर दीर्घकाळ काम केले आहे. म्हणजे या प्रश्नावर काम करायला आपल्या विद्यार्थ्यांना फार दूर पाहावे लागत नाही.

रुग्णाचा जीव मात्र बहुतेकदा हृदयावर अवलंबून असतो. स्नायूंची दुर्बलता सौम्य असली तरी हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. पेसमेकर मंद ठोके सावरतो, पण जीवघेणी जलद लय थांबवू शकत नाही. म्हणून धोका असलेल्या रुग्णांत विजेचा झटका देणाऱ्या उपकरणाचा विचार करतात. एलएमएनए मधील दोषाने होणारे हृदयविकार बहुधा असे असतात, की दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एकच विनंती. आखडलेले कोपर किंवा झडलेली चरबी दिसली, तर ईसीजी काढा, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले का ते विचारा, आणि भावंडांनाही तपासणीला बोलवा.