छापखान्याची जामीनकी

राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु खटलाच न चालवता लेखणी बंद पाडणाऱ्या कायद्याचा इतिहास, त्याचा जाच अधिक खोल असूनही, आपल्या विस्मृतीत गेला आहे.

१९०८च्या जुलैत 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना १९ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेच्या रात्री, नऊ पंचांपैकी सातांनी दोषी ठरवल्यावर, न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षा क्रूर होत्या यात संशय नाही. पण आरोपीच्या पिंजऱ्यातून टिळक २१ तासांहून अधिक बोलले, आणि ते भाषण साऱ्या देशाने वाचले. सरकारने दिलेले ते व्यासपीठच होते.

१९१०च्या प्रेस ॲक्टाने ते काढून घेतले. प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचा ठिकाणा छापण्याची सक्ती १८६७पासून होतीच. आता त्याच मुद्रकाने नवा छापखाना काढताना मॅजिस्ट्रेटापुढे ५०० ते २,००० रुपयांची जामीनकी रोख किंवा सरकारी रोख्यांत भरावी, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास सरकारने हुकूम काढून ती जप्त करावी, पुन्हा छापायचे तर १,००० ते १०,००० भरावे, आणि तीही गेली की यंत्रासह छापखानाच सरकारजमा व्हावा, असा तो बंदोबस्त होता. लेखक निर्भय असला तरी खिळे जुळवणाऱ्यांचे पगार ज्याच्या माथ्यावर, त्या मालकाने प्रत्येक ओळीपाशी थबकावे, हाच त्यामागचा हेतू होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाद मागण्यास हायकोर्ट होते, पण तेथे मजकूर निर्दोष असल्याचे शाबीत करण्याचा बोजा अर्जदारावरच. पत्रकार महंमद अली यांच्या १९१३च्या अर्जावर निकाल देताना सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी, जे पूर्वी मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते व त्या वेळी कलकत्त्यास होते, हा बोजा पेलणे जवळजवळ अशक्य असल्याचे नमूद केले. तरीही त्यांना अर्ज फेटाळावाच लागला.

हा कायदा १९२२मध्ये रद्द झाला, १९३१मध्ये निराळ्या नावाने परतला. आणि स्वतंत्र भारताने १९५१मध्ये केलेल्या कायद्यातही, निर्णय सेशन्स जज्जाकडे सोपवून का होईना, जामीनकी ठेवलीच होती. ती संपली १९५६ साली.