सात चर्चची शिदोरी

७ फेब्रुवारी १४९७ हा फ्लॉरेन्समधल्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, आणि पुढे चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्या दिवशी शहराच्या मुख्य चौकात मुखवटे, पत्ते, फासे, वाद्यं, आरसे आणि पुस्तकं यांचा उंच ढीग रचून पेटवून देण्यात आला. सान मार्को मठातले डॉमिनिकन धर्मगुरू सावोनारोला यांच्या प्रेरणेने मौजमजेच्या साधनांची ही होळी झाली होती.

अठरा वर्षांनी, १५१५ मध्ये, त्याच शहरात फिलिप नेरी यांचा जन्म झाला. त्यांच्यावर लहानपणी संस्कार झाले ते सान मार्कोच्याच संन्याशांचे, आणि सावोनारोलांविषयीचा आदर त्यांनी आयुष्यभर जपला. कार्निव्हलचा धिंगाणा त्यांनाही खुपत होता. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय मात्र अगदी निराळा होता. लोकांच्या हातातला खेळ हिसकावून न घेता त्यांनी लोकांना अधिक चांगला खेळ दिला.

ऐन तारुण्यात फिलिप रोमला आले. १५२७ च्या लुटीच्या जखमा अजून अंगावर असलेलं हे शहर कार्निव्हलमध्ये मात्र बेभान होत असे. पोप दुसरे पॉल यांनी १४६६ मध्ये शहराच्या लांब, सरळ रस्त्यावर शर्यती सुरू केल्या होत्या. तिथे स्वाराविना घोडे धावत, आणि ज्यू लोकांनाही बळजबरीने धावायला लावलं जाई. दुतर्फा उभी राहिलेली गर्दी त्यांची टर उडवी. ही क्रूर शर्यत बंद व्हायला १६६८ साल उजाडावं लागलं. कुणाची तरी मानहानी हाच या करमणुकीचा मोठा भाग होता.

१५५२ च्या सुमारास फिलिप मोजक्या मित्रांना घेऊन याच दिवसांत शहराबाहेर पडू लागले. रोममधल्या सात प्राचीन चर्चना पायी भेट देण्याची प्रथा जुनीच होती. फिलिप यांनी तिला सहलीचं रूप दिलं. संत पीटर, संत पॉल, संत सेबॅस्टियन, लॅटरनचं संत जॉन, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि शेवटी सांता मारिया माज्जोरे, अशी सुमारे वीस किलोमीटरची चाल. वाटेत प्रार्थना, पदं आणि वाद्यं, आणि दुपारी मात्तेई घराण्याच्या बागेत पंगत. पाव, चीज, मांसाचे काप, उकडलेली अंडी, फळं आणि थोडी वाइन. सरदार आणि कारागीर एकाच गवतावर बसून तीच शिदोरी खात. मित्रांचा तो मेळा वाढत वाढत हजारोंवर गेला. ती बाग आता सार्वजनिक उद्यान आहे. फिलिप जिथे शिष्यांशी बोलत बसत, ती जागा दाखवणारं दगडी आसनही तिथे आहे. सात चर्चची ही चाल आजही मे आणि सप्टेंबरमध्ये रात्रीच्या वेळी निघते.

एवढी माणसं गात, हसत निघाली की अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या येणारच. तो काळ संशयाचा होता. पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली, आणि त्याच वर्षी फिलिप यांना जाब विचारण्यात आला. ते नवा पंथ काढत आहेत, असा आरोप होता. काही दिवस त्यांना पापनिवेदन ऐकायला मनाई झाली आणि पदयात्राही थांबल्या. फिलिप यांनी वाद न घालता आज्ञा पाळली. पुढे बंदी उठली आणि मेळा पुन्हा चालू लागला.

वर्षातल्या एका दिवसापुरतं हे नव्हतं. सान जिरोलामो चर्चलगतच्या त्यांच्या खोलीत दुपारी तरुण जमत. कुणी काही वाचून दाखवी, त्यावर कुणीही प्रश्न विचारी, मग गप्पा आणि शेवटी गाणं. खोली अपुरी पडू लागल्यावर चर्चच्या वरच्या भागात प्रार्थनादालन करावं लागलं. संत पीटरच्या चर्चमधले संगीतप्रमुख जोव्हान्नी अनिमुच्चा यांनी या बैठकींसाठी भक्तिगीतांना चाली बांधल्या. १५६३ मध्ये त्यांचा पहिला संग्रह छापला गेला, १५७० मध्ये दुसरा. पहिल्यातल्या चाली कुणालाही म्हणता याव्यात इतक्या सोप्या होत्या. दुसऱ्या संग्रहापर्यंत श्रोते वाढले होते, म्हणून त्यातली रचनाही अधिक भरीव झाली. उन्हाळ्यात ही मंडळी जानिकोलो टेकडीवर जात. तिथे मोकळ्या हवेत संगीत होई आणि एखादा मुलगा पाठ केलेलं प्रवचन म्हणून दाखवी. फिलिप यांच्या दाराशी मुलं चेंडू खेळत, आरडाओरडा करत. शेजारी तक्रार करत, पण ती मुलं पापापासून दूर असतील तर आपल्या पाठीवर लाकडं फोडली तरी चालेल, असं फिलिप म्हणत.

आपल्याला कुणी संत म्हणू लागलं की ते मुद्दाम काहीतरी विचित्र करत. एकदा अर्धीच दाढी काढून लोकांत गेले. पोलंडचे उमराव दर्शनाला आले, तेव्हा त्यांनी विनोदी किश्श्यांचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. गंभीर स्वभावाच्या चेझारे बारोनियो या शिष्याला त्यांनी लग्नाच्या मेजवानीत पश्चात्तापाचं स्तोत्र गायला सांगितलं. या गमतींमागे शिस्त होती. अहंकाराला हसण्याची सवय लागली की माणूस मोकळा होतो, हे त्यांना अनुभवातून उमगलं होतं. त्याच बारोनियोंना त्यांनी चर्चच्या इतिहासावर वर्षानुवर्षं व्याख्यानं द्यायला लावली. त्यांतून १५८८ ते १६०७ या काळात बारा खंडांचा इतिहास सिद्ध झाला. हसणं आणि कसून अभ्यास करणं एकाच घरात नांदत होतं.

१५७५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी फिलिप यांच्याभोवती जमलेल्या या मंडळाला मान्यता दिली आणि सांता मारिया इन वाल्लिचेल्ला हे चर्च त्यांच्या स्वाधीन केलं. १५९५ मध्ये फिलिप वारले. पाच वर्षांनी, १६०० च्या फेब्रुवारीत, त्यांच्याच मंडळाच्या दालनात एमिलियो दे काव्हालिएरी यांचं आत्मा आणि शरीर यांच्यावरचं संगीतनाट्य रंगलं. ऑरेटोरिओ हा संगीतप्रकार याच प्रार्थनादालनांतून आकाराला आला. १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा सादर झालेली हँडेल यांची ‘मसायाह’ ही त्याच परंपरेतली.

फ्रान्सिस झेवियर यांची हिंदुस्थानातून आलेली पत्रं वाचून फिलिप यांनाही इकडे यायची ओढ लागली होती. एका वयस्क संन्याशाने त्यांना सांगितलं की तुमचा हिंदुस्थान रोममध्येच आहे, आणि ते थांबले. १६२२ मध्ये एकाच दिवशी दोघांनाही संतपद मिळालं. फिलिप स्वतः कधी इथे आले नाहीत, पण त्यांची रीत आली. परदेशी संघांची दारं बंद असलेल्या गोव्यातल्या स्थानिक धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आपलं मंडळ उभारलं. बाणावलीत जन्मलेले जोसेफ वाझ १६८५ मध्ये त्यात सामील झाले, आणि मंडळाने फिलिप यांचीच नियमावली स्वीकारली. १६८७ मध्ये वाझ वेषांतर करून डच अंमलाखालच्या सिलोनमध्ये शिरले, कारण तिथे कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी होती. त्यांच्यामागून १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्व्हिस गेले. त्यांनी सिंहली आणि तमिळ शिकून त्या भाषांत गद्यग्रंथ आणि गीतं रचली. ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचा त्यांचा सिंहली ग्रंथ उपवासकाळात गाऊन वाचण्याची रीत तिथे रुजली. मोजक्या धर्मगुरूंना सगळ्या गावांत पोहोचणं अशक्य होतं, तेव्हा लोक स्वतःच म्हणू शकतील अशा या रचना घराघरांत पोहोचल्या.