मध्यमाहरण आणि तात्कालिक गती

वर्गसमीकरण दहावीत येते, विकलन कनिष्ठ महाविद्यालयात. या दोघांची कधी गाठ घालून दिली जात नाही, ही आमची जुनी तक्रार.

बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) जन्माने पुण्याचे, पण शिकले नागपुरात. ढुंढिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांचे 'लीलावती' व 'बीजगणित' हे ग्रंथ अभ्यासले. विल्किन्सनसाहेबांनी त्यांना सीहोरला नेले, आणि पुढे ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. १८५८ साली त्यांनी लिहिले की, भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे तत्त्व ठाऊक होते. आधार होता ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा, म्हणजे दिवसाच्या सरासरीऐवजी त्या क्षणाच्या गतीचा. स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये साम्य मान्य केले, पण कालखंड अतिसूक्ष्म असल्याचा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून हरकत घेतली. हरकत आम्हाला रास्त वाटते. ज्या-कोज्यांपुरते सूत्र होते. कोणत्याही राशीला लावता येईल अशी सर्वसाधारण रीत नव्हती.

गंमत पुढेच आहे. भास्कराचार्य वर्गसमीकरणाच्या प्रकरणाला 'मध्यमाहरण' म्हणतात, म्हणजे मधले पद काढून टाकणे. रीत श्रीधराचार्यांची: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. 'लीलावती'तले भुंग्यांचे उदाहरण घेऊ. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले, उरली एक जोडी. निम्मा थवा क्ष² मानला तर

२क्ष² − ९क्ष − १८ = ०

आठाने गुणून ८१ मिळवले की (४क्ष − ९)² = २२५. म्हणून क्ष = ६, भुंगे ७२.

आता कंसाकडे पाहा. ४क्ष − ९ हे डाव्या बाजूच्या राशीचे विकलनच आहे! राशीची आठपट म्हणजे या 'गती'चा वर्ग वजा २२५. राशी शून्य होते तेथे गती +१५ किंवा −१५; गती शून्य होते तेथे, क्ष = ९/४ ला, दोन्ही मुळांचा मध्य. तेथून अंतरे मोजली की मधले पद आपोआप जाते. विकलनाने नवे उत्तर मिळत नाही हे खरे, पण "गुरुजी, हे चौपट कोठून आले?" याला उत्तर मिळते.

ही जोडणी भास्कराचार्यांनी केल्याचा पुरावा नाही. गती ग्रहांकडे राहिली, मध्यमाहरण भुंग्यांकडे. वर्गात −१५ घेऊनही पाहावे: क्ष = −३/२ येते, आणि थव्यात भुंगे साडेचार.