मॅगव्हील टाकताय? ‘किती इंची’च्या आधी ‘ऑफसेट किती’ विचारा

पेठ नाक्याला हायवे सोडून इस्लामपूरच्या रस्त्याला लागलं, की एमएच-१० पासिंगची एखादी तरी गाडी अशी दिसते जिची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत असतात. थार असेल, स्विफ्ट असेल, नाहीतर जुनी पोलो जीटी. फोटोत गाडी भारी दिसते. रीलवर लाइकही पडतात. पण हीच गाडी पाच माणसं बसवून लग्नाला निघाली की पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून ‘खर्रर्र’ आवाज येतो. टायर मडगार्डला घासलेलं असतं.

मॅगव्हीलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती इंची टाकायचं?’ पंधरा, सोळा, सतरा. पण चाक घासणार की नाही, ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहणार की नाही आणि बेअरिंग किती टिकणार, याचं उत्तर या इंचात फारसं सापडत नाही. ते असतं दुसऱ्या दोन आकड्यांत, रिमची रुंदी आणि ऑफसेट.

हा ऑफसेट म्हणजे नेमकं काय?

रिमच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यांवर ‘६जे × १५ ईटी ४०’ असं काहीतरी कोरलेलं असतं. यातला १५ म्हणजे इंचातला व्यास, जो सगळ्यांना माहीत असतो. ६ म्हणजे रिमची रुंदी, तीही इंचात. जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा कोड आहे. आणि ईटी म्हणजे ऑफसेट. तो मिलिमीटरमध्ये असतो आणि ‘आइनप्रेसटिफे’ या जर्मन शब्दावरून आलाय.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ मारली असं समजा. रिमचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या रेघेपासून जितका लांब तितका ऑफसेट. तो भाग रस्त्याकडच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट पॉझिटिव्ह. आजच्या बहुतेक कारचा तसाच असतो. आकडा वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. इथे गोंधळ होतो, कारण आपल्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे जास्त बाहेर. प्रत्यक्षात उलटं आहे.

पोलोचं गणित

आपल्याकडच्या पोरांची पहिली ‘स्पोर्ट्स कार’ बऱ्याचदा फोक्सवॅगन पोलोच असते. ही गाडी चाकणच्या कारखान्यात बनायची, २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. २०१३ ला आलेल्या १.२ लिटर टर्बो इंजिनाच्या जीटी टीएसआयने तिचे चाहते वाढवले. आता सेकंडहँडमध्ये घेतली की पहिला खर्च मॅगव्हीलवर होतो. म्हणून उदाहरण तिचंच घेऊ.

समजा मूळ रिम ६जे आणि ईटी ४० आहे. सहा इंच म्हणजे १५२.४ मिमी, त्याचं अर्ध ७६.२. त्यातून ४० वजा केले की ३६.२. म्हणजे हबपासून रिम ३६.२ मिमी बाहेर आहे. ४० मिळवले की ११६.२, म्हणजे आतल्या बाजूला तेवढं.

आता दुकानात ७जे, ईटी ३५ दाखवलं. सात इंचाचं अर्ध ८८.९ मिमी. बाहेर ५३.९, आत १२३.९. म्हणजे चाक आधीपेक्षा साधारण १८ मिमी बाहेर आलं आणि ८ मिमी आतही गेलं. नीट मोजून घेतलं तर हे जमण्यासारखं आहे.

त्याच्याच शेजारी ठेवलेलं ८जे, ईटी २० घ्या. व्यास तोच, डिझाइनही तसंच. पण हे ४५ मिमी बाहेर येतं. जवळपास दोन इंच! आणि एवढं करूनही आतल्या बाजूला ५ मिमी गेलंच. दोन्ही रिम दुकानात ‘सोळा इंची’ म्हणूनच विकले जातात.

हे गणित फक्त रिमचं झालं, टायरचा फुगवटा वेगळा. रिम अर्धा इंच रुंद केलं की तेच टायर साधारण ५ मिमी रुंद होतं, हेही धरून चाला.

आतली बाजू विसरू नका. पुढच्या चाकाच्या आत शॉकअप असतो. गाडी उभी असताना टायर आणि शॉकअपच्या मध्ये किती जागा आहे ते बघा, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा. बाहेरच्या बाजूचं माप घेताना मात्र गाडी रिकामी नको. डिक्कीत सामान आणि मागे तीन माणसं बसवा, मग मडगार्डच्या कडेपासून टायरपर्यंतचं अंतर मोजा. मित्र आयत्या वेळी गायब होतात. मग उसाची नाहीतर सिमेंटची पोती ठेवली तरी चालतं.

साइडपट्टी आणि ब्रेक

चाक बाहेर आल्याने मडगार्ड घासतं हे दिसतं तरी. खरा धोका दिसत नाही.

पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या अक्षाभोवती. हा अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल ती जागा आणि टायरचा मध्य यांच्यातलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत बऱ्याचदा ते शून्याच्या जवळ किंवा थोडं निगेटिव्ह ठेवलेलं असतं. निगेटिव्ह असण्याचा फायदा असा, की एका बाजूच्या चाकाला जास्त पकड आणि दुसऱ्याला कमी असताना ब्रेक मारला, तर स्टिअरिंग आपोआप गाडी सरळ ठेवण्याच्या दिशेने ढकललं जातं. ऑफसेट कमी करून चाक बाहेर काढलं की हे अंतर पॉझिटिव्हकडे सरकतं आणि स्टिअरिंग उलट जास्त पकड असलेल्या बाजूला ओढ घेतं.

इस्लामपूरच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. उसाचा हंगाम, समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, रात्रीची वेळ. डावी चाकं साइडपट्टीच्या मुरमावर उतरतात, उजवी डांबरावर असतात आणि नेमका तेव्हाच ब्रेक मारावा लागतो. पॉझिटिव्हकडे गेलेली गाडी अशा वेळी उजवीकडे, म्हणजे ट्रॅक्टरकडे ओढ घेते. एबीएस मदत करतं, पण स्टिअरिंगला बसणारा झटका हातालाच सांभाळावा लागतो.

बेअरिंगचंही तसंच. चाकावरचा भार बेअरिंगपासून जितका बाहेर सरकतो तितका तरफेचा जोर वाढतो. महिन्याभरात काही होत नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात. वर्षा-दोन वर्षांत पुढून घुंsss असा आवाज यायला लागतो, तेव्हा त्याचा संबंध मॅगव्हीलशी कोणी लावत नाही.

रुंद म्हणजे बाहेर, असं नाही

मग स्पोर्ट्स कारची चाकं रुंद कशी असतात? २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीचंच बघा. पुढे २५५/४० आर१९ आणि मागे २७५/४० आर१९ टायर. रिम पुढे ९ इंच रुंद, मागे साडेनऊ. आणि ऑफसेट? पुढे ४५, मागे ५२.५. म्हणजे चाक रुंद केलं तेव्हा ऑफसेटही वाढवला, आणि वाढलेली रुंदी आतल्या बाजूला सामावली. त्यासाठी आत जागा आधीपासून ठेवलेली असते. पोलोत तेवढी जागा नाही, म्हणून तिथे रुंदीच आटोक्यात ठेवावी लागते.

टायरलाही मर्यादा असते. १९५/५० आर१६ हे टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमसाठी आहे. ते आठ इंची रिमवर ताणून बसवणारे आहेत, पण मग रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्या खड्ड्यात तीच आधी आपटते.

सतरा इंची टाकायचं असेल तर अजून एक हिशोब. पोलोचं १८५/६० आर१५ आणि २१५/४० आर१७ या दोन्ही टायरचा पूर्ण व्यास जवळपास ६०३ मिमीच येतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. पण टायरची बाजूची भिंत १११ मिमीवरून ८६ वर येते. अडीच सेंटीमीटर रबर कमी. वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी गाजलेला पेठ-सांगली रस्ता आणि सातारा-कागल सहापदरीकरणातली वळणं ज्यांनी पाहिलीत, त्यांना १६ इंचात १९५/५० म्हणजे ९७ मिमीची भिंत जास्त शहाणपणाची वाटेल.

बोल्ट, रिंग आणि स्पेसर

पोलोला पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळात असतात आणि मधलं भोक ५७.१ मिमीचं. स्विफ्टला चार बोल्ट आणि भोक ५४.१. बाहेरच्या रिमचं भोक अनेकदा मोठं असतं, ते भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं, आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी फरक पडत नाही. ही रिंग फार महाग नसते, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोलाकार असतं, बाहेरच्या बहुतेक मॅगव्हीलना मात्र शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. चुकीचा बोल्ट घट्ट वाटतो, पण बसलेला नसतो.

स्पेसर म्हणजे ऑफसेट कमी करण्याचा आडमार्ग. १० मिमीचा स्पेसर टाकला की ईटी ४० चं ईटी ३० झालं. बोल्टही तेवढेच लांब घ्यावे लागतात. जुनेच बोल्ट लावून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

आरटीओ आणि इन्शुरन्स

९ जानेवारी २०१९ ला केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यामुळे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जो साइज दिलाय, तो घेणं सगळ्यात बिनघोर. इन्शुरन्स कंपनीलाही कळवून ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो.

रिम घेताना त्यावर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी चाचणीची चिन्हं किंवा आयएसआय मार्क आहे का, तेही बघा. नुसता स्टिकर नको, ओतीव अक्षरं हवीत.

बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. पोलोसाठी १२० न्यूटन मीटर. आणि कंपनीचे जुने पाच बोल्ट एका पिशवीत घालून डिक्कीत ठेवायचे. कारण स्टेपनी अजून जुन्याच डिस्कची आहे, आणि रात्री अकराला आष्ट्याच्या अलीकडे पंक्चर झाली तर नवे बोल्ट तिला बसणार नाहीत.