चिनी ताटातील तेलाचा हिशेब
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेल्या ग्वांगडोंगच्या स्थलांतरितांचे घरचे जेवण भाताभोवती बेतलेले असे व मांस तोंडीलावण्यापुरते. मात्र अमेरिकी गिऱ्हाइकासाठी पुढे हे प्रमाण उलटले. १९९३ मध्ये 'सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट' या ग्राहकसंस्थेने तेथील चिनी पदार्थ प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा 'कुंग पाओ चिकन', म्हणजे शेंगदाणे व सुक्या मिरच्यांसह परतलेली कोंबडी, हिच्या एका थाळीत चार मोठ्या हॅम्बर्गरांइतकी चरबी आढळली. सोबत साधा भात व वाफवलेल्या भाज्या घ्याव्यात आणि तेलकट रस्सा ताटातच सोडावा (मराठी जिभेला ही शिक्षाच), असा उपाय तेव्हा सुचवला गेला. तो वस्तुतः ग्वांगडोंगच्या घरगुती जेवणाचाच जुना बेत होता.