मदरबोर्डाची कुळकथा

दिवाळीच्या आधी घरोघर माळे उपसले जातात. पितळी समया, फाटके आकाशकंदील आणि जुनी पंचांगे यांच्या जोडीला हल्ली तिथून एखादी संगणकाची पेटीही खाली येते. भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी घरातला चौकस मुलगा तिचे पान सोडवतो आणि आत पाहतो. आत फारसे काही नसतेच. बरीचशी धूळ, थोड्या तारा, आणि एक मोठी हिरवी पाटी. पाटीवर रेषांचे जाळे, काळ्या चौकोनी चिपा, रांगेने उभे असलेले लांबट खाचे, आणि एका कोपऱ्यात चार आण्याच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी. या पाटीला मदरबोर्ड म्हणतात.

हिच्यावर ज्या लहान पाट्या येऊन बसतात त्या लेकी, म्हणून ही आई, असा त्या नावाचा साधा अर्थ. ज्या कंपनीने हिला आजचे रूप दिले तिने मात्र आपल्या पुस्तकात हिला रुक्षपणे ‘सिस्टिम बोर्ड’ म्हटले होते. लोकांना आईच बरी वाटली. गमतीची गोष्ट अशी की या आईच्या इतिहासात लेकींची भांडणे, सासुरवास, सोवळे-ओवळे आणि भाऊबंदकी हे सगळे आहे.

मूळ पुरुष शोधायचा तर १९७५ च्या जानेवारीत जावे लागते. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या महिन्यात अल्टेअर ८८०० नावाचे यंत्र झळकले. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स याच्या लहानशा कंपनीने ते काढले होते. पैसे भरले की टपालाने सुटे भाग येत. यंत्र आपले आपण जोडायचे. आतल्या पाटीवर स्वतःची अक्कल अशी काही नव्हती. ती म्हणजे नुसती ओसरी. तिच्यावर १०० टोकांचे खाचे बसवायचे, आणि प्रत्येक खाच्याची शंभरच्या शंभर टोके झाळायची. एकाही ठिकाणी झाळ कच्ची राहिली की यंत्र मुके. इतके करून हाती येई ते २५६ बाइट स्मृतीचे खोके. त्याला पडदा नाही, अक्षरफलक नाही, फक्त दिवे आणि खटके. तरीही लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. माणसाला तयार वस्तूपेक्षा स्वतः जोडलेल्या वस्तूचा लोभ अधिक, हे किल्ला करणाऱ्या मुलांना सांगायला नको.

पुढल्या वर्षी स्टीव्ह वॉझनियाकने सगळी अक्कल एकाच पाटीवर आणली. ते ॲपलचे पहिले यंत्र. ६६६ डॉलर ६६ सेंट मोजून गिऱ्हाईकाला मिळे ती नुसती पाटी. पेटी, अक्षरफलक आणि ट्रान्सफॉर्मर ज्याचे त्याने पाहावे.

पण आपल्या माळ्यावरच्या पाटीचे खरे घराणे सुरू होते ते १२ ऑगस्ट १९८१ पासून. आय. बी. एम. ही त्या काळची संगणकाच्या धंद्यातली चक्रवर्ती. तिचा रिवाज असा की खिळ्यापासून मोळ्यापर्यंत सारे घरचे. परंतु घरगुती संगणकांची बाजारपेठ हातची जाऊ लागली तेव्हा तिने फ्लॉरिडातल्या बोका राटन येथे एक लहान तुकडी बसवली, डॉन एस्ट्रिज याला तिचे पुढारपण दिले, आणि वर्षभरात यंत्र बाजारात आणा म्हणून सांगितले. घाईत रिवाज सुटतो. एस्ट्रिजच्या माणसांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, छपाईयंत्र एप्सनचे, आणि फ्लॉपीचे यंत्र टँडन कंपनीचे. या टँडन कंपनीचा संस्थापक जन्माने भारतीय, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पाटीवर पाच खाचे ठेवले. त्यांतला एक पडद्याच्या कार्डाने आणि एक फ्लॉपीच्या कार्डाने अडवला की उरले तीन. या खाच्यांतून जी वाट जाते ती बांधणाऱ्यांत मार्क डीन हा टेनेसीतून आलेला तरुण कृष्णवर्णीय अभियंता होता. त्या यंत्राच्या मूळ नऊ पेटंटांपैकी तीन त्याच्या नावावर आहेत.

घाईने आणखी एक गोष्ट घडवली, आणि माझ्या मते सगळ्या कथेचा कणा तीच. दुसऱ्यांनी आपल्या खाच्यांसाठी कार्डे करावीत म्हणून कंपनीने एक जाडजूड पुस्तक छापले. त्यात पाटीचा संपूर्ण विद्युत्-नकाशा होता, आणि यंत्राला जाग आल्यावर प्रथम चालणारी जी बायोस नावाची लिपी, तीही ओळ न् ओळ दिलेली होती. एखाद्या सावकाराने वाड्याचा नकाशा, तिजोरीच्या जागेसकट, चावडीवर लावावा तसा हा प्रकार. कुलूप एकच: बायोसच्या मजकुरावरचा लेखनहक्क.

हे कुलूप ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने कसे उघडले ते ऐकण्यासारखे आहे. मजकूर उतरवून घेतला तर चोरी होते. परंतु तो मजकूर काय काम करतो एवढेच जाणून, स्वतःच्या शब्दांत नवा मजकूर लिहिला, तर ती चोरी नव्हे. तेव्हा त्यांनी चक्क सोवळे-ओवळे मांडले. एका तुकडीने आय. बी. एम. चा मजकूर वाचला. ती ओवळी झाली. तिने फक्त कोणता प्रश्न आला की कोणते उत्तर मिळते याची टिपणे केली. दुसरी तुकडी सोवळ्यातली. तिने मूळ मजकूर डोळ्यांनी पाहिलेला नाही याची खात्री करून घेतली आणि ती टिपणे तिच्या हाती दिली. त्यांवरून तिने नवी बायोस लिहिली. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकचे यंत्र जाहीर झाले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी तर अशीच सोवळ्यात शिजवलेली बायोस मागेल त्याला विकू लागली. झाले! आता तैवानातला कोणीही कारखानदार ती पाटी करू शकत होता. गिगाबाइट आणि एम. एस. आय. १९८६ साली निघाल्या, आसूस १९८९ साली. आज जगभर जे बोर्ड विकले जातात त्यांवर बहुधा यांतलेच एखादे नाव असते.

आपल्याकडे याचा परिणाम काय झाला? आय. बी. एम. १९७८ साली भारतातून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर केले, सुट्या भागांची आयात सुलभ झाली, आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाशेजारच्या लॅमिंग्टन रोडवर, जिथे आधी रेडिओचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर मिळत, तिथे पुढल्या वर्षांत काचेच्या कपाटांतून या हिरव्या पाट्या दिसू लागल्या. रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते पत्रावर लिहिण्यापुरते. इथे ‘असेंबल्ड’ नावाची एक जात जन्माला आली. बोर्ड एका दुकानातून, स्मृती दुसऱ्यातून, पेटी तिसऱ्यातून, आणि जोडणारा मुलगा चौथ्याच ठिकाणी, स्टुलावर. कंपनीच्या यंत्राहून हे स्वस्त पडे, आणि म्हणून ते मध्यमवर्गीय घरात, शाळेत, छापखान्यात शिरले. या विद्येला पदवी लागत नव्हती. एक स्क्रू-ड्रायव्हर, थोडे इंग्रजी आणि शांत डोके पुरे. प्रस्तुत लेखकाची मजल मॅट्रिकपर्यंतच, त्यामुळे हा भाग लिहिताना त्याची लेखणी जरा रेंगाळली तर वाचकांनी समजून घ्यावे.

मात्र जोडणे आजच्याइतके सोपे नव्हते. पहिल्या पाटीवर आठ-आठ इवल्या खटक्यांचे दोन ठोकळे होते. फ्लॉपीची यंत्रे किती, स्मृती किती, पडदा कोणत्या जातीचा, हे सारे त्या खटक्यांनी सांगायचे. खटके बॉलपेनच्या टोकाने हलवायचे. शिसपेन्सिलीने नव्हे, कारण तिची पूड वीज वाहून नेते. सगळे नीट असेल तर सुरू करताच यंत्र एकदा ‘टुक्’ करी. एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या की समजावे, पडद्याच्या बाजूला घोटाळा आहे.

१९८४ च्या ‘एटी’ यंत्राने खटक्यांचे बरेचसे काम एका चिपेकडे दिले. मोटोरोलाच्या त्या चिपेत घड्याळ होते आणि ६४ बाइट स्मृती. त्यांतले १४ घड्याळाने घेतले, बाकी ५० मध्ये यंत्राचा सारा संसार नोंदलेला. पोस्टकार्डाच्या दोन ओळींत मावेल एवढा ऐवज! वीज गेल्यावर तो पुसू नये म्हणून बॅटरी. जुने यंत्र तारीख विसरू लागले तर ते म्हातारे झाले असे समजू नये. तीन व्होल्टची नवी बॅटरी घातली की त्याची स्मरणशक्ती परत येते.

याच पिढीत एक भयंकर जोडी होती. वीजपुरवठ्याकडून सहा-सहा तारांचे दोन चिमटे येत आणि बोर्डावर शेजारी-शेजारी बसत. ते उलटेही बसू शकत, आणि उलटे बसले तर बोर्ड जळे. त्यावर कारागिरांनी मंत्र केला होता: काळ्याशेजारी काळी. दोन्ही चिमट्यांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या म्हणजे बटण दाबायला हरकत नाही.

आणि लेकींची भांडणे! प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधायला एक घंटा लागते. घंटा मोजक्याच. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल दाराला एकच घंटा, क्रमांक चार. त्यामुळे एकावर माउस आणि दुसऱ्यावर मोडेम लावला की मोडेम बोलू लागताच माउस गोठून बसे. छपाईयंत्राची सातवी घंटा साउंड कार्डानेही पकडली की तिथे वेगळाच तंटा. मग कार्डे उपसून त्यांवरचे जंपर, म्हणजे दोन काट्यांना जोडणारी ती बाजरीच्या दाण्याहून थोडी मोठी टोपणे, चिमट्याने हलवत बसायचे. एक टोपण गालिच्यात पडले की संध्याकाळ गेली.

मधल्या काळात आय. बी. एम. ला आपली चूक उमगली. १९८७ मध्ये तिने नवी पाटी आणली. तिच्यावरचे खाचे नवे, आणि ते वापरायचे तर परवाना घ्या. खाचे चांगले होते, यात वाद नाही. पण १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपला निराळा खाचा जाहीर केला. दोन्ही फारसे चालले नाहीत. १९९२ साली इंटेलने पी. सी. आय. आणला आणि तो रुजला. चक्रवर्ती आता मांडलिक झाला होता.

१९९५ हे वर्ष या घराण्यात महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले आणि घंटांची वाटणी प्रणाली स्वतः करू लागली. निदान करू पाहू लागली. ‘लावा आणि चालवा’ या घोषणेचे कारागिरांनी ‘लावा आणि देवाचे नाव घ्या’ केले ते उगाच नव्हे. त्याच वर्षी इंटेलने ए. टी. एक्स. नावाचा आराखडा काढला: बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद, स्क्रूची भोके ठरलेली, मागची दारे ठरलेल्या जागी, आणि त्या दोन भयंकर चिमट्यांच्या जागी वीस तारांचा एकच, उलटा बसूच न शकणारा चिमटा. आज तो चोवीस तारांचा आहे, एवढाच फरक. तीस वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा बोर्ड बसतो. आपल्या घरातल्या किती वस्तूंविषयी असे म्हणता येईल?

एक संकट सांगितलेच पाहिजे. बायोस पूर्वी अशा चिपेत असे की जी पुसायला अतिनील किरण लागत. पुढे ती संगणकातूनच पुसून पुन्हा लिहिता येईल अशी झाली. सोय झाली आणि दार उघडे राहिले. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानातल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सी. आय. एच. हा विषाणू जगभर जागा झाला आणि त्याने असंख्य बोर्डांची बायोसच पुसून टाकली. चेर्नोबिलचा अपघात याच तारखेचा, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. यावर कारागिरांचा उतारा छातीचा ठोका चुकवणारा होता. त्याच जातीचा धडधाकट बोर्ड सुरू करायचा, चालू यंत्रातून त्याची बायोसची चिप अलगद उपसायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची, आणि तिच्यावर मजकूर पुन्हा लिहायचा. चालत्या बैलगाडीचे चाक बदलावे तसे हे काम. पण होत असे.

आज बोर्ड बसवताना हा सारा इतिहास हाताखालून जातो. आधी पेटीत पितळी पाये. तेही बोर्डाच्या भोकांखालीच. भलत्या जागी एक जास्तीचा राहिला तर बोर्डाची पाठ पत्र्याला टेकल्यासारखीच. हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि त्याला सोडून द्यायचे, दाबायचे नाही. २००४ पर्यंत इंटेलच्या प्रोसेसरला काटे असत. नंतर तिने काटे बोर्डावर ठेवले, म्हणजे काटा वाकल्याची काळजीही बोर्डवाल्याच्या पदरी बांधली. प्रतिस्पर्धी ए. एम. डी. ने घरगुती प्रोसेसरांत हेच २०२२ साली केले. चार खाच्यांत स्मृतीच्या दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. खटके, जंपर, घंटा सारे गेले; जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली, आणि माउसने फिरता येईल असा रंगीत पडदा आला. फक्त पेटीच्या दर्शनी बटणाच्या आणि दिव्यांच्या त्या बारीक सुट्या तारा तशाच राहिल्या. मिलिमीटरपर्यंत सारे ठरवणाऱ्या या धंद्याला त्या तारांची एक मांडणी सर्वांच्या गळी काही उतरवता आली नाही. तिथे अजून बोर्डाचे पुस्तक उघडावे लागते आणि चष्मा पुसावा लागतो.

दुसरीकडे वारे उलट्या दिशेने वाहते आहे. लॅपटॉपच्या बऱ्याच पाट्यांवर स्मृती झाळूनच येते. ॲपलने २०२० मध्ये तिला प्रोसेसरच्याच पुडीत बसवले, आणि २०२४ मध्ये इंटेलच्याही काही लॅपटॉपी प्रोसेसरांत तेच झाले. वेग वाढतो, वीज वाचते, हे खरे आहे. पण तिथे लेकींना यायला ओसरीच उरत नाही, आणि स्टुलावरच्या मुलाला उघडायला काही राहत नाही. तूर्त मेजावरच्या संगणकाचा बोर्ड मात्र खाचे उघडे ठेवून आहे. बहुतेकांवरून तो ‘टुक्’ करणारा छोटा स्पीकर गेला. त्याच्या जागी पुष्कळ बोर्डांवर आता चार बारीक दिवे असतात — प्रोसेसर, स्मृती, पडदा, प्रणाली. एकेक लागतो आणि विझतो. स्मृतीचा लागून राहिला तर पट्टी काढावी, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी, आणि दोन्ही बाजूंनी ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवावी.