पेशीच्या दाराशी

१९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातले डॉ. हॅरॉल्ड हिम्सवर्थ मधुमेही रुग्णांना ग्लुकोज पाजत आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन देत. काहींची साखर आटोक्यात राही. काहींची मात्र इन्सुलिन दिलंच नसल्यासारखी चढत जाई. हिम्सवर्थ यांनी यावरून रुग्णांचे दोन गट केले: इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे. पण १९२२ साली टोरांटोत पहिलं इंजेक्शन दिल्यापासून मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, हे समीकरण पक्कं बसलेलं होतं. हिम्सवर्थ यांचं म्हणणं बराच काळ बाजूलाच राहिलं.

वैद्यकाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी याच प्रयोगापासून सुरुवात करत असे. रक्तात इन्सुलिन आहे, मग पेशी ऐकत का नाही?

उत्तराची दिशा १९४९ साली शिकागोतल्या लेव्हिन यांच्या प्रयोगांनी दाखवली. गॅलॅक्टोज ही साखर स्नायूंना वापरता येत नाही, तरी इन्सुलिन दिल्यावर ती कुत्र्यांच्या रक्तातून पेशींत जास्त शिरू लागली. म्हणजे इन्सुलिनचं काम साखर जाळण्याच्या आधी, तिला आत घेण्याच्या वेळीच सुरू होतं.

मग १९७१. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे जेसी रॉथ, पिअर फ्रेशे आणि डेव्हिड नेव्हिल यांनी उंदरांच्या यकृतातली पेशीपटलं वेगळी काढली आणि त्यांवर किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन सोडलं. ते पटलाला चिकटलं. पण चिकटतं तर काहीही, कुठेही! म्हणून त्यांनी साधं इन्सुलिन घालून पाहिलं; त्याने आयोडीनवाल्याची जागा घेतली. इन्सुलिनची जी रूपं शरीरात दुबळी ठरतात, ती इथेही तितकीच दुबळी ठरली. मला हा पडताळा फार देखणा वाटतो. इन्सुलिनला ओळखून पकडणारा रेणू, म्हणजे त्याचा रिसेप्टर, खरोखरच पटलावर आहे, हे त्याने सिद्ध झालं. स्नायूंत आणि चरबीत इन्सुलिन या रिसेप्टरला बांधलं गेलं, की पेशीच्या आत साठवलेली साखरवाहक प्रथिनं पटलाकडे सरकतात आणि ग्लुकोजला वाट मिळते. हे मात्र १९८० नंतरच उलगडत गेलं.

त्याआधीच, १९७५-७६ मध्ये, बेथेस्डाच्याच डॉक्टरांनी काही विलक्षण रुग्णांचं वर्णन छापलं. त्यांची मानेची, काखेतली कातडी काळी, जाड, मखमली झालेली होती आणि नेहमीच्या मात्रेत इन्सुलिन त्यांना लागूच पडत नव्हतं. त्यांतल्या काहींच्या रक्तात स्वतःच्याच इन्सुलिन-रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. इतरांत रिसेप्टरच कमी होते. असे रुग्ण दुर्मीळच. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या नेहमीच्या मधुमेहातला अडथळा बहुधा रिसेप्टरनंतर पेशीत संदेश पोचवणाऱ्या साखळीत असतो. पण मानेवरची ती काळी कातडी लठ्ठपणातही दिसते. ‘मळ असेल’ म्हणून मुलांची मान घासत बसणाऱ्या आयांना मी कळकळीने सांगतो: घासू नका, डॉक्टरांना दाखवा, साखर तपासून घ्या.